चकाकीखाली दडलेल्या चिरा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. गाड्या धुण्याच्या हाय प्रेशर पंपाचे प्लंजर, म्हणजे पुढं-मागं होऊन पाणी दाबणारे दांडे, सिरॅमिकचे, ॲल्युमिनाचे असतात. तसे आठ नग मी एका जॉबवाल्याकडे ग्राइंडिंगला, म्हणजे घासून मापाला आणायला, दिले होते. बोली स्पष्ट होती: आधी रफ, मग बारीक दाण्याचं डायमंड व्हील, शेवटचे कट ५-१० मायक्रॉनचे, कूलंट, म्हणजे थंड ठेवणारं पाणी, भरपूर. बिलात तिन्ही टप्पे लावले, मी रोख पैसे मोजले. माल देताना तो म्हणाला, "मालक, तोंड बघा त्यात." खरंच दिसत होतं.

नवव्या दिवशी एक प्लंजर चालू पंपात मुळा मोडावा तसा आडवा मोडला. गिऱ्हाइकाचा पंप बंद, शिव्या मला. जॉबवाल्याला फोन केला तर म्हणाला, मटेरियलच हलकं आहे.

तुकडा उजेडात धरला. कडेला नखाएवढा अर्धचंद्र, काचेसारखा गुळगुळीत, आणि तिथून पुढे खडबडीत पसरलेलं तोंड. मोड त्या कडेपासूनच सुरू झाली होती. शिरोलीत फाउंड्री असलेल्या मित्राकडे उरलेले सात नग नेले. कास्टिंगच्या चिरा शोधायला मारतात तोच लाल डाय, म्हणजे चिरांत शिरणारा रंग, मारला, दहा मिनिटं ठेवला, पुसला, वर चिरांतला रंग ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर. पाच नगांवर केसासारख्या लाल रेघा उमटल्या, सगळ्या गोलाकार, व्हील फिरलं त्याच दिशेनं. पोटात गोळाच आला माझ्या.

पुढं जॉबवाल्याकडच्याच एका पोरानं खरं सांगितलं. जाड दाण्याच्या बोथट व्हीलनं मोठे कट मारून थेट मापाला आणलं आणि वरून पेस्टनं घासून चमकवलं. बारीक व्हील लावलंच नव्हतं.

पोलाद दाबलं तर थोडं वाहतं, सिरॅमिक वाहत नाही, तडकतं. हिऱ्याचा प्रत्येक दाणा रुततो तेव्हा काही चिरा आडव्या पसरून टवका उडवतात. काही मात्र सरळ खाली उतरतात आणि तिथंच राहतात. जेवढा कट मोठा, तेवढ्या त्या खोल. नगाची ताकद ठरते ती सगळ्यात मोठ्या चिरेवर. रफिंगच्या चिरा संपेपर्यंत बारीक व्हीलनं हळूहळू थर काढायचा असतो, आणि नेमका तोच वेळ त्यानं चोरला. पेस्टनं फक्त चिरांची तोंडं झाकली. म्हणून डायमध्ये कोरे निघालेले दोन नगही मी वापरले नाहीत.

आता मी काम सुरू असताना मशिनपाशी उभा राहतो, व्हीलवरचा दाण्याचा नंबर वाचतो, आणि पेस्ट लावायच्या आधी डाय मारून बघितल्याशिवाय पैसे देत नाही. ते सात नग माझ्या कपाटात आहेत. सिरॅमिकचं काम बाहेर द्यायचं असेल त्यानं आधी येऊन बघून जावेत.