अ‍ॅबाचा ‘व्हॉयेज’: तिसऱ्या गाण्याचं काय करायचं?

अ‍ॅबा हा स्वीडनचा पॉप बँड; त्यातले चौघं कोण, हे इथं सांगत बसत नाही. १९८१ च्या ‘द व्हिजिटर्स’नंतर त्यांचा स्टुडिओ अल्बम ‘व्हॉयेज’ आला तो थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये. १० गाणी, ३७ मिनिटं. पहिल्या आठवड्यात जो तो ‘अरे, तेच आवाज!’ म्हणून खूश होता. पण अल्बम कसा आहे ते कळतं रोजच्या ऐकण्यात, आणि रोजच्या ऐकण्यात आडवं येतं ते तिसरं गाणं.

‘लिटल थिंग्ज’ हे चक्क नाताळचं गाणं आहे. पहिलं ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’ संथ सुरू होऊन छान चढतं, दुसरं ‘व्हेन यू डान्स्ड विथ मी’ आयरिश जत्रेतल्या नाचाचं, पाय आपोआप ठेका धरतो. आणि तेवढ्यात नाताळची सकाळ, शेवटी लेकरांचा कोरस! डिसेंबरात परभणीत हुडहुडी भरते तेव्हा एक वेळ चालेल. मे महिन्यात कूलरसमोर बसून हे कोण ऐकणार? बरं, डिसेंबर २०२१ मध्ये ते वेगळं सिंगल म्हणून काढलंच होतं. मग अल्बमात घ्यायचंच होतं तर दहावं घ्या, कुणाची हरकत नव्हती.

इलाज सोपा आहे. सीडी असेल तर प्लेअर थांबलेला असताना प्रोग्रॅमचं बटण दाबून १, २, ४, ५ असा क्रम भरा. मोबाइलवर नऊ गाण्यांची प्लेलिस्ट करा. गाडीत पेनड्राइव्ह लावणाऱ्यांसाठी खास: बरेच स्वस्त स्टिरिओ फाइलचं नाव बघत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून गाणी एकेक करून टाका. तिसरं गाळलं की दुसऱ्याला लागून ‘डोन्ट शट मी डाऊन’ येतं, आणि त्याची हळू सुरुवात संपून पियानोवरून बोट सर्रकन फिरतं तिथं अल्बम खऱ्या अर्थाने सुटतो. मूळ क्रमात ती मजा अर्धी होते.

आवाजांबद्दल सुरुवातीला तक्रार होती. अल्बम आला तेव्हा दोघी गायिकांपैकी आग्नेथा ७१ वर्षांची, फ्रिडा ७५ पूर्ण. दोघींचे सूर खाली उतरलेत, जुनी काचेसारखी धार नाही. महिन्याभराने मत फिरलं. हे आवाज दमलेले नाहीत, भरलेले आहेत. ‘आय कॅन बी दॅट वूमन’ मधली दारूने पोखरलेल्या संसारातली बाई तिशीच्या आवाजात पटलीच नसती.

अडचण गाडीत येते. जुनी गाणी वरच्या सुरातली, त्यामुळे टायरच्या घरघरीतूनही वर निघतात. ही खालच्या सुरातली, घरघरीतच बुडतात. संभाजीनगर-जालना रस्त्यावर खिडक्या उघड्या टाकून ऐकाल तर शब्द कळणार नाहीत. आवाज वाढवून उपयोग नाही, घुमणं तेवढं वाढतं. बेस दोन घर खाली, मिड एक घर वर, काचा बंद. घरी एकच ब्लूटूथ डबा असेल तर दोघींच्या आवाजांतलं डावं-उजवं अंतर जातं आणि सगळं एकावर एक चिकटतं. दीड-दोन हजारांचे वायरवाले हेडफोन त्यापेक्षा परवडले.

‘जस्ट अ नोशन’चं मात्र उलट झालं. त्यातले आवाज १९७८ चे, साज नवा. पहिल्यांदा ऐकताना हेच सगळ्यात भारी वाटतं. पण आधीच्या गाण्यात आजची आग्नेथा, पाठोपाठ २८ वर्षांची, म्हणजे शेजारची गाणी उगंच म्हातारी दिसायला लागतात. असा सांधा मध्येच ठेवायला नको होता.

अल्बमची दुसरी बाजू, म्हणजे सहाव्यापासूनची गाणी, जास्त टिकते. ‘बम्बलबी’ गोड आहे, ‘नो डाउट अबाउट इट’ ठीक. खरं सोनं ‘कीप अ‍ॅन आय ऑन डॅन’. घटस्फोटानंतर लेकरू दुसऱ्या पालकाकडे सोडून निघणारी बाई, आणि शेवटी पियानोवर हळूच अ‍ॅबाच्याच जुन्या ‘एसओएस’ गाण्याचे सूर. हे सूर ऐकूच आले नाहीत असं कुणी म्हणालं तर अ‍ॅपमधलं क्रॉसफेड बघा. ते पाच-सहा सेकंदांवर असेल तर पुढचं गाणं त्यावर चढतं. शून्यावर आणा.

एलपी, म्हणजे मोठी तबकडी, घ्यावी का? एका बाजूला साधारण १८ मिनिटं, म्हणजे खाचांना जागा भरपूर, दाबादाबी नाही. पण ‘जस्ट अ नोशन’ पहिल्या बाजूचं शेवटचं, लेबलजवळचं. पेटीसारख्या सुटकेस प्लेअरची सिरॅमिक कार्ट्रिजवाली सुई चार-पाच ग्रॅम वजनाने तिथं फिरली की ‘स’ आणि ‘श’ फाटतात. दोष तबकडीच्या छपाईचा (प्रेसिंगचा) नसतो, सुईचा असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई सारखी सुई चांगल्या टर्नटेबलवर दोन ग्रॅमने लावली की फरक कळतो. शिवाय तिसरं गाणं टाळायला दर वेळी उठून सुई उचलायची, ते वेगळंच.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर वीज साठते, धूळ ओढून घेते, मग चटचट सुरू. कार्बन फायबरचा ब्रश प्रत्येक वेळी फिरवायचा. तबकड्या उभ्याच ठेवायच्या, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत कधीच नाही. मार्च ते जून मागवूच नका, कुरियरच्या गाडीत तापून वाकते. मागवलीच तर उघडताना व्हिडिओ काढा आणि तबकडी काचेवर आडवी ठेवून कडेखाली फट दिसते का बघा. व्हिडिओ नसला की परतीला ‘ग्राहकाकडे खराब झाली’ हे उत्तर ठरलेलं, आणि आयात केलेल्या एलपीचे पैसे काही थोडे नसतात. सीडी घ्या.