डनलॉप लेमन ऑइल: गिटारच्या फ्रेटबोर्डसाठी

रोझवूड किंवा एबनी लाकडाचा फ्रेटबोर्ड (गिटारच्या मानेवरची, तारा दाबायची पट्टी) पांढुरका, कोरडा दिसू लागला की हे तेल खरंच उपयोगी पडतं. 118 मिलीची बाटली वर्षानुवर्षं पुरते, कारण एका वेळी पाच-सहा थेंब बास होतात.

आधी तारा काढा. फ्रेटच्या (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या दांड्यांच्या) कडेला साचलेला घामाचा चिकट थर '0000' नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक स्टील वूलने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने घासा. इलेक्ट्रिक गिटार असेल तर त्याआधी पिकअप (तारांखालचे, आवाज टिपणारे चुंबकी भाग) टेपने झाकाच. लोखंडी भुसा त्यांच्या चुंबकांना चिकटतो आणि निघता निघत नाही. मग थेंब कापडावर घ्या, थेट लाकडावर नको. सगळीकडे पुसा, पाच मिनिटं थांबा आणि कोरड्या कापडाने उरलेलं तेल पूर्ण टिपून घ्या. हा शेवटचा भाग लोक टाळतात; मग नव्या तारा तेलकट होऊन लवकर मंद वाजू लागतात.

लॅकर (चकचकीत वॉर्निश) लावलेल्या मेपल लाकडाच्या फ्रेटबोर्डवर हे वापरू नका. तिथे तेल आत मुरतच नाही, ओलसर कापड पुरतं. वर्षातून दोनदा लावलं तरी भरपूर. रंग गडद होतो, लाकूड पुन्हा जिवंत दिसतं. नक्की घ्यावं असं तेल.