तेल बनवायला कुठली बुरशी बरी: म्यूकर की मॉर्टिएरेला?

दोन्ही बुरशा स्टीलच्या उंच टाक्यांत ग्लुकोज खाऊन वाढतात. नायट्रोजन संपला, साखर उरली, की पेशींत तेलाचे थेंब साठू लागतात. इथपर्यंत सारखंच. फरक बाजारात पडला.

म्यूकर सर्सिनेलॉइडिस ही जात गॅमा-लिनोलेनिक आम्ल हे मेदाम्ल (तेलाचा घटक) देते. इंग्लंडमध्ये 1985 ते 1990 या काळात तिचं तेल कारखान्यात बनलं. त्यात हे आम्ल सुमारे 18 टक्के, म्हणजे इव्हनिंग प्रिमरोझ या फुलझाडाच्या बियांच्या तेलापेक्षा जवळपास दुप्पट. तरी धंदा बसला, कारण बोरेज या वनस्पतीच्या बियांतून तेच आम्ल स्वस्तात मिळू लागलं. शेतातल्या बीशी टाकीने भावात झुंजणं अवघडच!

मॉर्टिएरेला अल्पायना या जातीच्या अरॅकिडोनिक आम्लाला, म्हणजे दुसऱ्या एका मेदाम्लाला, असा स्पर्धक नाही. पिकांच्या तेलात ते सापडत नाही. अंड्याच्या बलकात असतं, पण थोडं. बाळांच्या दूधपावडरीला मात्र ते हवं असतं. या बुरशीच्या तेलात त्याचं प्रमाण 40 टक्क्यांवर जातं. ही बुरशी सांभाळायला मात्र कटकटीची: तंतू मोकळे वाढले की टाकीत घट्ट खळ होते, ऑक्सिजन आत पोचत नाही, तंतू गुंतून झालेल्या गोळ्या फार मोठ्या झाल्या तर गाभा उपाशी. तरीही माझा कौल हिलाच.