तलवारही हवी आणि फायरबॉलही: मल्टिक्लासचे तीन हिशेब

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या (डीअँडडी) फासे टाकून एकेक पात्र रंगवायच्या खेळात नवं कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी गोष्ट) ठरलं की टेबलावरचा एक तरी खेळाडू म्हणतोच, "मला फायटर पण व्हायचंय आणि विझर्ड पण." फायटर म्हणजे लढवय्या, विझर्ड म्हणजे जादूगार, आणि एकाच पात्राला असे दोन क्लास (पेशे) देणं म्हणजे मल्टिक्लास. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) हो म्हणायला हरकत नाही, पण त्या 'हो'ची किंमत कुणाला आणि कधी मोजावी लागेल हे प्रत्येक नियमावलीत वेगळं असतं. म्हणून हेच एक पात्र घेऊन तीन ठिकाणी हिशेब करून बघू: एडीअँडडी या जुन्या डीअँडडीची दुसरी आवृत्ती (१९८९), डीअँडडीची पाचवी (२०१४, सुधारित २०२४) आणि त्याच धर्तीच्या पाथफाइंडर या खेळाची दुसरी (२०१९).

जुन्या एडीअँडडीत मिळालेला एक्सपी (अनुभवाचे गुण, ज्यांवर पात्राची लेव्हल वाढते) दोन क्लासमध्ये सरळ अर्धा-अर्धा वाटायचा. ऐकायला ही शिक्षा वाटते, पण आकडे बघा. ६४,००० एक्सपीला निव्वळ फायटर सातव्या लेव्हलला असतो, निव्वळ मेजही (तेव्हाचा विझर्ड) सातव्याच. एल्फ (माणसांहून वेगळी जमात) फायटर/मेजच्या वाट्याला प्रत्येकी ३२,००० येतात, म्हणजे सहावी लेव्हल फायटर आणि पाचवी मेज. फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) हातात, आणि तलवारीत जेमतेम एक पायरी मागे! सुरुवातीच्या पायऱ्यांना लागणारा एक्सपी साधारण दुपटीने वाढत जातो, त्यामुळे निम्मा वाटूनही तोटा किरकोळ राहतो. वरच्या लेव्हलना ही दुप्पट थांबते आणि मग मात्र ओढाताण होते. शिवाय हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) दोन्ही क्लासच्या सरासरीने येतात, एल्फी चेनमेल सोडून दुसरं चिलखत घालून स्पेल (मंत्र) टाकता येत नाहीत, आणि एल्फला लेव्हलची कमाल मर्यादाही आहे. माणसांना ही सोयच नाही. त्यांचा ड्युअल-क्लास हा वेगळाच त्रास, तो इथे नको. खेळाडू दोन-तीनच असतील तर मात्र ही पद्धत आजही झकास चालते, कारण एकच जण दोघांची कामं उरकतो.

पाचव्या आवृत्तीत प्रत्येक लेव्हलला कुठला क्लास घ्यायचा ते तुम्ही ठरवता. अट एवढीच की दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात (ताकद, बुद्धी वगैरे) किमान १३ हवेत. खरी मेख पाचव्या लेव्हलला बसते. निव्वळ फायटरला तिथे दुसरा वार मिळतो, निव्वळ विझर्डला फायरबॉल. फायटर ३/विझर्ड २ (फायटरच्या तीन आणि विझर्डच्या दोन लेव्हल) असलेल्याकडे यातलं काहीच नसतं, एकाच क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळणारी गुणवाढही नसते. मित्रांच्या पात्रांनी अचानक उडी मारलेली, आणि हा बिचारा तिथेच.

आठव्या लेव्हलला परिस्थिती सुधारते, पण तिथेही एक तुलना करून बघा. फायटर ५/विझर्ड ३ (फायटरचा सबक्लास, म्हणजे क्लासची खास शाखा, मंत्रांची नसेल तर) कडे पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) असतात. एल्ड्रिच नाइट हा सबक्लास घेतलेल्या आठव्या लेव्हलच्या फायटरकडेही नेमके तेवढेच! वर त्याच्या तीन गुणवाढी झालेल्या असतात, मल्टिक्लासवाल्याची एक. बदल्यात मल्टिक्लासवाल्याला स्पेलबुक, रिच्युअल (स्लॉट न खर्चता सावकाश टाकायचे मंत्र) आणि स्पेलची मोठी निवड मिळते. ज्याला नुसती मंत्र टाकणारी तलवार हवी आहे, त्याने मल्टिक्लासच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

याच नियमांत उलट टोकही आहे. २०१४ च्या आवृत्तीच्या पुस्तकांनुसार पॅलादिनने (धर्मयोद्ध्याने) वॉरलॉक या जादूगाराच्या क्लासची एकच लेव्हल घेतली आणि हेक्सब्लेड हा सबक्लास निवडला, की तलवार ताकदीऐवजी चक्क करिझ्मावर (व्यक्तिमत्त्वाच्या गुणावर) चालते. शिवाय पॅलादिनचा स्माइट (वाराला जोडलेला दैवी जादा मार) एका वळणात प्रत्येक लागलेल्या वारावर टाकता यायचा. २०२४ मध्ये सबक्लास सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला दिला आणि स्माइटला बोनस ॲक्शन (वळणात एकदाच मिळणारी छोटी कृती) लावली, त्यामुळे असे डिप (दुसऱ्या क्लासची एखाद-दुसरी लेव्हल घेणं) काही प्रमाणात आवळले गेले. म्हणजे एकाच टेबलावर एक जण दुबळा आणि दुसरा अचाट, दोघेही कायदेशीर. डीएमची डोकेदुखी ही.

पाथफाइंडर हे दोन्ही टोकं छाटतो. तुम्ही फायटरच राहता. दुसऱ्या लेव्हलला फायटरच्या फीटऐवजी (निवडून घ्यायच्या खास कौशल्याऐवजी) विझर्ड डेडिकेशन ही विझर्डच्या जादूचं दार उघडणारी फीट घेता. चौथ्या लेव्हलला पुढची फीट घेतली की पहिल्या रँकचा (मंत्राच्या पातळीचा) एक स्लॉट, सहाव्याला दुसऱ्या रँकचा, आठव्याला तिसऱ्या रँकचा. निव्वळ विझर्डला पाचव्याला मिळणारा फायरबॉल तुम्हाला आठव्याला, तोही दिवसातून एकदा. वर तुमची स्पेलची डीसी (मंत्र चुकवायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा) मागे असते, त्यामुळे शत्रू सेव्ह (मंत्र चुकवायचा फासा) सहज मारून नेतो. त्या स्लॉटमध्ये हेस्ट (वेग वाढवणारा मंत्र) ठेवणं जास्त शहाणपणाचं, कारण त्याला शत्रूच्या सेव्हचा प्रश्नच येत नाही. तलवारीची अचूकता मात्र तसूभरही कमी होत नाही. कुणाचं पात्र वाया जात नाही, कुणाचं डोईजडही होत नाही. थोडं बेचव वाटेल, हे मान्य. अर्धा-अर्धा जादूगार हवा असेल त्याचं समाधान इथे होणार नाही.

टेबलावर एक जण रात्रभर बिल्ड (पात्राच्या निवडींची जुळणी) जुळवणारा आणि बाकीचे "मला कुठला फासा टाकायचा?" विचारणारे असतील, तर मी डोळे झाकून पाथफाइंडर निवडेन. नियम आर्काइव्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर अधिकृतपणे फुकट आहेत, त्यामुळे पुस्तकांचा खर्चही सुरुवातीला टळतो. पण सगळ्यांना डीअँडडीची पाचवी आवृत्तीच येत असेल तर उगाच नवं शिकायला लावू नका. दोन गोष्टी आधीच ठरवा: पाचवी लेव्हल एकाच क्लासमध्ये पूर्ण करायची, म्हणजे तो खड्डा चुकतो, आणि मल्टिक्लास घेतल्यावर दोन सेशनच्या आत पटलं नाही, तर ती लेव्हल परत फिरवून मूळ क्लासमध्ये घ्यायची मुभा.