‘२१ दिवसांत गॅरंटी’ आणि आमचं पिल्लू

टिल्लू घरात आला तेव्हा आठ आठवड्यांचा होता. गादीवर शू, पायांच्या बोटांना चावे, रात्रभर कुंईकुंई. आमची झोप पुरी होईना. तो साडेतीन महिन्यांचा झाला तेव्हा कुत्र्यांच्या एका ट्रेनरची जाहिरात दिसली: २१ दिवस आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो, लेखी गॅरंटी. आम्ही सगळे पैसे आगाऊ भरले आणि पिल्लू सोडून आलो.

भेटायला यायचं नाही, ही पहिलीच अट. ‘घरचे दिसले की पिल्लू बिघडतं.’ त्याऐवजी दोन-तीन दिवसांनी व्हिडिओ यायचा. टिल्लू बसतोय, थांबतोय, पट्टा न ओढता चालतोय. आम्ही ते सगळ्यांना कौतुकाने दाखवले. शेवटचा व्हिडिओ त्याला आणायच्या आदल्या संध्याकाळी आला, ‘आजचा सराव’ असं लिहून.

घरी आलेला टिल्लू इतका शांत होता की पहिले दोन तास आम्हाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. मग दिवा लावायला मी हात वर केला आणि तो जागच्या जागी मुतला. पोट जमिनीला टेकलेलं, कान मागे, सारखा ओठ चाटतोय. मानेवरचे केस बाजूला केले तर खाली ओळीने बारीक खपल्या.

डॉक्टर म्हणाले, काट्यांचा पट्टा वापरलाय. मग त्यांनी तोंड उघडून दात पाहिले. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि ते साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास समोरून पडायला लागतात. टिल्लूचे वरचे मधले दोन पडून पक्के दात अर्धे वर आले होते. मी फोन काढला. ‘आजच्या सरावात’ टिल्लू एकदा मोठी जांभई देतो. तिथे थांबवून चित्र मोठं केलं, तर तोंडात सगळे सुईसारखे दुधाचे दात! अर्धा दात एका रात्रीत येत नाही. मग सगळे व्हिडिओ ओळीने पाहिले. प्रत्येकात भिंतीशी तीच पालथी बादली आणि तिच्यावर तसंच पडलेलं फडकं. सगळं एकाच दिवशी काढून ठेवलेलं आणि तुकड्या-तुकड्यांनी पाठवलेलं. खाऊ नाकावरून मागे नेला की बहुतेक पिल्लं आपसूक बसतात, ते पाच मिनिटांचं काम आहे. उरलेल्या दिवसांत त्याचं काय केलं, ते कळायला मार्ग नाही.

ट्रेनरला फोन केला तर म्हणाला, ‘तुम्ही घरात अल्फा बनला नाहीत.’ हा अल्फा, म्हणजे सगळ्यांना दाबून ठेवणारा कळपाचा म्होरक्या, १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या बंदिस्त लांडग्यांच्या अभ्यासातून आला. ज्यांच्या लेखनामुळे तो जगभर पसरला, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. पण त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. करारात बारीक अक्षरांत होतंच: घरच्यांनी रोज सराव न घेतल्यास गॅरंटी लागू नाही. घेतला हे सिद्ध कसं करणार? पैसे गेले.

मला जास्त चीड याची येते की त्याने गॅरंटी दिलेल्या निम्म्या गोष्टी वयाबरोबर होतातच. दात येऊन झाले की चावणं कमी होतं. तीन महिन्यांचं पिल्लू जागेपणी फार तर तीनेक तास शू धरतं. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की बाहेर न्यायचं आणि तिथे केली की त्याच क्षणी खाऊ द्यायचा. नंतर ओरडलं तर ते कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. हे आम्हाला आधीच जमू लागलं होतं. आम्ही फक्त दमलो होतो.

कुणाला बोलवायचंच असेल तर तुमच्यासमोर, तुमच्या घरात शिकवणारा बघा. त्याला आधी विचारा: पिल्लू चुकलं तर तुम्ही नेमकं काय करता? मी हे विचारलं होतं. तो म्हणाला, ‘ते माझ्यावर सोडा.’ आणि मी सोडलं.