टो-बारवरचं कॅरिअर आणि दोन ई-बाईक: १४ महिन्यांनंतर

आम्ही श्टुटगार्टजवळ एसलिंगेनला राहतो. नेकार नदीचा काठ सपाट आहे, पण घर डोंगराच्या अंगावर, त्यामुळे परतीचा शेवटचा टप्पा कायम चढाचा. बायकोच्या गुडघ्यांना तो झेपेना, म्हणून दोघांनीही ई-बाईक घेतल्या. मग बोडनझेला जायची इच्छा झाली. या तलावाभोवतीचा सायकलमार्ग साधारण २६० किलोमीटरचा, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारा. पहिल्या खेपेला ट्रेननं निघालो. उन्हाळ्यातला शनिवार, सायकलींच्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि गाडी बदलायच्या स्टेशनावर लिफ्ट बंद. २६ किलोची सायकल जिन्यावरून वाहून नेली, त्याच दिवशी सायकली मोटारीवर लावून न्यायचं कॅरिअर घ्यायचं ठरलं.

आमचं कॅरिअर दोन सायकलींचं, घडी होणारं, गाडीच्या मागच्या टो-बारच्या, म्हणजे ट्रेलर ओढायच्या हुकाच्या, गोळ्यावर बसणारं आहे. टपावरच्या कॅरिअरचा विचार एका मिनिटात सोडला. एवढं वजन डोक्याच्या वर उचलणार कोण?

विकत घेताना मी फक्त ‘दोन सायकली बसतात’ एवढंच वाचलं होतं. खरा प्रश्न वजनाचा आहे. टो-बारच्या गोळ्यावर वरून किती भार चालतो याला इथे श्टुट्झलास्ट म्हणतात. आकडा हुकाजवळच्या पट्टीवर असतो आणि गाडीच्या नोंदणीपत्रात रकाना क्रमांक १३ मध्येही. आमच्या गाडीला ७५ किलो. आता बेरीज करा: कॅरिअर १८, माझी सायकल २६, बायकोची २४. झाले ६८. बसलं, पण काठोकाठ. शिवाय कॅरिअरवर चाकं बसायच्या प्रत्येक पन्हळीची वेगळी मर्यादा असते, आमच्याकडे ३० किलो. म्हणून बॅटऱ्या काढून गाडीत ठेवतो. एक बॅटरी साधारण ३ किलोची, म्हणजे हुकावरचा भार ६२ वर येतो. तिसऱ्या ई-बाईकसाठी जोडपट्टी विकत मिळते, पण आमच्या हुकावर ती कागदावरच बाद होते.

बाबा सांगलीहून आले होते, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हे सगळं पाहिलं. लहानपणी त्यांनी बैलगाड्या भरल्या आहेत. माझी जड सायकल बाहेरच्या बाजूला लावलेली बघून म्हणाले, “अरे, मागं वजन टाकलंस तर उलाळ होईल की.” उलाळ म्हणजे मागचा भार जास्त होऊन बैलगाडी मागे कलणं. कॅरिअरच्या पुस्तिकेतही नेमकं हेच लिहिलेलं आहे: जड सायकल गाडीच्या जवळ, हलकी बाहेर. वजन हुकापासून जितकं लांब, तितका गोळ्यावरचा पीळ जास्त. त्या दिवसापासून माझी सायकल आत असते.

एक चूक सविस्तर सांगतो, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. दुसऱ्याच सहलीत हायवेवर बायको म्हणाली, “अरे, मागे काहीतरी हलतंय.” थांबून पाहिलं तर अख्खं कॅरिअर एका बाजूला कललेलं. आदल्या आठवड्यात मित्राचा ट्रेलर ओढला होता, त्याचं ग्रीस गोळ्यावर तसंच राहिलं होतं. ट्रेलरला ग्रीस चालतं, पण कॅरिअर गोळ्याला नुसत्या घर्षणावर धरून राहतं. माझे हात थरथरत होते. मागून येणाऱ्या गाडीत कुणाची तरी मुलं असणार, एवढंच डोक्यात येत होतं. आता दर वेळी गोळा आधी ब्रेक क्लीनरनं आणि मग कोरड्या फडक्यानं पुसतो. खटका लावल्यावर कॅरिअर दोन्ही हातांनी हलवतो. ते हललं तर गाडीही हलली पाहिजे. निघाल्यावर पहिल्या ३०-४० किलोमीटरवर थांबून चाकांचे पट्टे पुन्हा आवळतो, कारण ते थोडे सैल होतातच.

सायकली चढवण्यासाठी वेगळा रॅम्प घेतला. त्याशिवाय कंबर राहिली नसती. मात्र ई-बाईकची स्वतःहून हळू पुढे सरकायची सोय इथे उपयोगाची नाही, कारण बॅटरी आधीच काढलेली. हातानंच ढकलावं लागतं, दोघं असलो की त्रास होत नाही. दोन्ही सायकली चढवून, बांधून, दिवे तपासायला आता १२ मिनिटं लागतात. सुरुवातीला पाऊण तास जायचा.

बायकोच्या सायकलीला आडवी दांडी नाही, त्यामुळे सायकलीची फ्रेम धरणारा कॅरिअरचा पकडहात नीट पोचत नव्हता. सीटच्या दांड्यापासून हँडलच्या दांड्यापर्यंत लावायची खोटी दांडी मिळते, ती लावली. माझ्या सायकलीची खालची नळी बॅटरीमुळे जाड आहे, तिला पकडहात जेमतेम बसतो. विकत घेण्याआधी स्वतःची सायकल दुकानात नेऊन लावून बघा. कार्बनची फ्रेम असेल तर असा चिमटा तिच्यावर आवळूच नका. दोन सायकलींची पॅडल एकमेकींना घासतात, म्हणून मधे फोमची नळी अडकवतो आणि सायकली उलटसुलट तोंडानं लावतो.

पावसाबद्दल. ११० च्या वेगात साधी भुरभुरसुद्धा पाण्याच्या फवाऱ्यासारखी आत घुसते. बॅटरीच्या जागेतल्या पितळी टोकांवर रबरी कव्हर लावतो, डिस्प्ले काढून खिशात ठेवतो. पूर्ण सायकल ताडपत्रीत गुंडाळायचा मोह होतो, पण वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि सगळा ताण पट्ट्यांवर येतो. बॅटऱ्या डिकीत एका खोक्यात, जुन्या चादरीत घट्ट बसवलेल्या. उन्हात उभ्या गाडीत त्या तशाच सोडत नाही, जेवायला थांबलो तर सावली शोधतो.

नंबरप्लेट झाकली जाते, म्हणून त्याच नंबरची तिसरी पाटी कॅरिअरवर लावावी लागते. ती पाट्या बनवणाऱ्या दुकानात लगेच मिळते, सरकारी शिक्का लागत नाही. पुठ्ठ्यावर नंबर लिहून मात्र चालत नाही. दिव्यांसाठी १३ पिनांचा प्लग आहे. तो लावला की आमच्या गाडीचे मागचे पार्किंग सेन्सर आपोआप बंद होतात, म्हणून रिव्हर्स घेताना बायको उतरून उभी राहते. डिकीचं दार बटणानं उघडणारं असेल तर ते बटण बंद करून ठेवा. कॅरिअर पायाच्या पट्टीनं मागे कललं की डिकी उघडते, पण दोन ई-बाईकसकट ते तोलून धरायला जोर लागतो.

पेट्रोल १०० किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर जास्त जातं.

पुण्यातला धाकटा भाऊ विचारत होता, डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचं कॅरिअर घेऊ का. मी ठाम नाही म्हटलं. तसल्या कॅरिअरवर बहुतेक वेळा एका सायकलीला १५ किलोचीच मर्यादा असते, आणि त्याची ई-सायकल २२ किलोची. ताम्हिणीतल्या खड्ड्यांत आणि गतिरोधकांवर तो सगळा भार दाराच्या पातळ पत्र्यावर आदळणार.

या जूनमध्ये बोडनझेच्या काठावरच्या मीर्सबुर्गहून निघून लिंडाऊमार्गे ब्रेगेन्झपर्यंत गेलो. गाडी मीर्सबुर्गलाच ठेवली होती. बायको न थांबता तीन तास सायकल चालवत राहिली, एकदाही गुडघा दुखतोय म्हणाली नाही. थंडीत रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्यानं सायकलींच्या साखळीवर गंज धरतो, त्याला अजून उपाय सापडलेला नाही. नोव्हेंबर ते मार्च कॅरिअर तळघरात घडी करून ठेवतो.