जुन्या १३०० सीसी मारुतीसाठी स्टेनलेस हेडर: माल बरा, पण अर्धाच तयार

एस्टीम आणि तिच्याच १.३ लिटर इंजिनावर चालणाऱ्या जुन्या मारुतींसाठी ४-२-१ रचनेचे बिननावाचे स्टेनलेस हेडर ऑनलाइन मिळतात. हेडर म्हणजे मूळच्या ओतीव लोखंडी मॅनिफोल्डच्या जागी बसणारा, सिलिंडरांचा धूर बाहेर नेणारा पाईपांचा संच. ४-२-१ म्हणजे चार पाईप आधी दोनात, मग एकात मिळतात. खोक्यावर कंपनीचा पत्ता नाही, आत बसवायची माहिती नाही. एक हेडर, एक पातळ पॅकिंग, मूठभर नट, संपलं. पडतो साधारण दोन चांगल्या टायरांच्या भावात. आणला, लावला, गाडी काढली असं डोक्यात असेल तर घेऊ नका. चांगला टिग वेल्डर आणि मिलिंगवाला (मशिनवर धातू खरवडून सपाट करणारा) हाताशी असेल तर मात्र पैसे वाया जात नाहीत, आणि सोलापुरात ही दोन्ही माणसं अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला सापडतात. स्टेनलेसचा पाईप ज्याच्या हातून रोज जातो तो वेल्डर शोधा. गेट-ग्रिलवाल्याचं हे काम नाही.

खोकं उघडल्यावर आधी पाईपांच्या जोड्या बघा. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे ४-२-१ मध्ये एक नंबरचा पाईप चारला आणि दोनचा तीनला मिळायला हवा, तरच दोन धक्क्यांमध्ये सारखं अंतर पडतं. स्वस्तातल्या काही हेडरांत वाकवायला सोपं म्हणून एक-दोन आणि तीन-चार जोडून टाकलेले असतात. ते दिसायला तेच, पण रचनेचा फायदा शून्य. असा आला तर परत पाठवा, त्यावर दुरुस्ती नाही.

मग लोहचुंबक. जोरात चिकटला तर ३०४ (चांगल्या प्रतीचं स्टेनलेस) नाही, इतकंच कळतं. चिकटला नाही म्हणजे ३०४ असं मात्र नाही, कारण भांड्यांचं २०२ स्टेनलेसही चुंबकाला दाद देत नाही. स्टील मार्केटमध्ये तपासायचं द्रावण मिळतं. एक थेंब टाकून ९ व्होल्टचा सेल टेकवला की २०२ वर लालसर रंग उमटतो. २०२ चा हेडर लगेच तुटतो असं नाही, पण तापून-निवून जोडाशी गंज धरतो. त्याला ३०४ चा भाव कशाला द्यायचा?

खरी मेख फ्लँजमध्ये, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या जाड पट्टीत आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज केळ्यासारखी वाकते. सरळ पट्टी आडवी ठेवून ०.१० मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. मधल्या दोन पोर्टांपाशी (धूर येण्याच्या भोकांपाशी) ते सहज सरकत असेल तर तसंच बसवू नका. ‘आवळल्यावर बसतंय की ओ’ हे उत्तर गॅरेजमध्ये हमखास मिळेल. बसतं खरं, पण चार दिवसांनी थंड इंजिनावर टिकटिक सुरू होते आणि लोक तो आवाज व्हॉल्व्हचा समजून टॅपेट सेट करत बसतात. मिलिंगवर फ्लँजचं तोंड सपाट करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. फ्लँज निदान ८ मिमी जाड हवी. ६ मिमीची असेल तर मिलिंगनंतर ती आणखी पातळ होते आणि पुन्हा वाकते.

त्यानंतर पोर्टमध्ये बोट घाला. वेल्डचा मणी आत आलेला असेल तर बोटाला टोचतो. नवं पॅकिंग फ्लँजवर ठेवून स्क्रायबरने रेघ मारा आणि मणी त्या रेघेच्या बाहेर जाईपर्यंत डाय ग्राइंडरने उडवा. कलेक्टरच्या (पाईप एकत्र येतात त्या भागाच्या) आत टॉर्च मारून बघा. काळी, दाणेदार, करपलेल्या साखरेसारखी खपली दिसली तर वेल्ड करताना पाईपच्या आतून आर्गन वायू सोडलेला नाही. असा जोड सगळ्यात आधी तडकतो. तो कापून आतून आर्गन देऊन पुन्हा मारून घ्यावा. त्या वेळी फ्लँज जाड प्लेटला बोल्टने बांधलेली असू द्या, नाहीतर मिलिंगचे पैसे पाण्यात.

एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनची) गाडी असेल तर ऑक्सिजन सेन्सरची जागा महत्त्वाची. आटे एम१८ × १.५. बुश (सेन्सर फिरवून बसवायची आट्यांची बांगडी) कलेक्टरवर, चारही पाईप एकत्र आल्यानंतर हवा, नाहीतर सेन्सर एका-दोन सिलिंडरचंच बघून चारही सिलिंडरचं पेट्रोल ठरवतो. सेन्सर आडव्या रेघेपेक्षा किमान १० अंश वर कललेला असावा. सेन्सर पाईपच्या खालच्या अंगाला राहिला की थंडीत साचलेलं पाणी त्यावर जातं आणि आतलं सिरॅमिक फुटतं. पाहिलेल्या नगात बुश अगदी खालच्या अंगाला होता. तो बंद करून वर नवा लावावा लागतो.

आता जुना मॅनिफोल्ड काढणं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. स्टडच्या (इंजिनाच्या हेडमध्ये रुतलेल्या बोल्टच्या) बुडाशी गंज सैल करणारं तेल आदल्या रात्री एकदा आणि सकाळी एकदा. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम हेडमधून स्टडबरोबर आटेही बाहेर येतात. नट अडला तर जोर लावू नका. थोडा सैल, थोडा आवळ, पुन्हा तेल, असं पुढे-मागे करत काढा. तरी स्टड तुटलाच तर उरलेल्या बुडख्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड मारा. त्या उष्णतेनेच तो सुटतो. ड्रिल हे शेवटचं हत्यार. स्टड एम८ × १.२५ चे, सगळे नवीन घ्या, पितळी किंवा तांबं चढवलेले नट वापरा. खोक्यातले नट दुसऱ्या गाडीसाठी ठेवा, म्हणजे कुठल्याच गाडीला वापरू नका.

खोक्यातलं पातळ पॅकिंगही फेका. मूळचं नवीन पॅकिंग घ्या, ते कोरडंच बसवा. सिलिकॉन लावायचा मोह होतो, पण साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर मारते. नट आधी हाताने, मग मधून बाहेर असे दोन फेऱ्यांत २३ न्यूटन मीटरपर्यंत. ३०४ स्टेनलेस ओतीव लोखंडापेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतं, म्हणून फ्लँजची भोकं स्टडला घट्ट बसत असतील तर टोकाची दोन अर्धा मिमी मोठी करा. इंजिन एकदा गरम होऊन थंड झालं की पुन्हा आवळा, आणि दीड-दोनशे किलोमीटरनंतर परत. ही दुसरी फेरी सगळेच विसरतात आणि पॅकिंग तिथेच जळतं.

खाली लाईनला जोडताना लवचीक बेलो (घड्यांचा पाईप) किंवा स्प्रिंग बोल्टवाला गोल जोड हवाच. आडवं इंजिन क्लच सोडताना पुढे-मागे डुलतं. सरळ पाईप ताठ वेल्ड केला की ते डुलणं कलेक्टरच्या गळ्याशी येतं आणि तिथेच केसासारखी चीर पडते. पाईप गाडीवर फक्त टाचून घ्या, पूर्ण वेल्ड खाली काढून. गाडीवर वेल्ड करायचंच तर ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर सोडा.

कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) वेगळा खाली असेल तर तो तसाच ठेवा. मॅनिफोल्डलाच कॅट चिकटलेल्या नव्या गाड्यांत हेडर म्हणजे कॅट गायब. तिथे पीयूसी गेलीच. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, कॅटशिवाय ती गाठणं अवघड. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली धूर-आवाजाचा पहिला दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, वर लायसन्स तीन महिने बाद.

फरक किती? एमपीएफआय एस्टीम ८५ बीएचपीची. निव्वळ हेडरने फार तर तीन-चारची भर, तीही ४५०० आरपीएमच्या वर. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला ओव्हरटेक करताना जाणवते. सात रस्ता ते पार्क चौक गर्दीत काहीच नाही, उलट पाईप ३८ मिमीपेक्षा मोठे असतील तर खालचं पिकअप किंचित मरतं. आवाज पातळ, थोडा धातूचा. ओतीव मॅनिफोल्ड तो गिळत होता. ॲव्हरेज तेवढंच राहतं. घटलं तर सेन्सरच्या आधी कुठेतरी गळती आहे. तिथून हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो.

उष्णता मात्र गंभीरपणे घ्या. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर, त्यात पातळ पाईप ओतीव लोखंडापेक्षा जास्त धग बाहेर टाकतो. मूळचं हीट शील्ड या हेडरवर बसत नाही. पत्र्याचं नवं करून घ्या, वायरी आणि रबरी होज पाईपपासून निदान २५ मिमी लांब बांधा. फायबरची पट्टी गुंडाळायची फॅशन आहे, पण ती आत उष्णता कोंडते आणि वेल्डचे जोड लवकर थकतात. शील्डच बरं.

जुना मॅनिफोल्ड भंगारवाल्याला देऊ नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण असतं आणि गाडी तिथे मूळ रूपात दाखवावी लागते. तेल चोळून, पोत्यात गुंडाळून, सोडलेल्या नट-वॉशरांसकट ठेवा.